बिजलीला डाग देण्याचा बेत

४ फेब्रुवारी १९७४
बिजलीला कोंडवाड्यातून सोडवून आणली. आमची कालवड, अजून दूध पिते. मोकाट फिरत रामदासपेठेपर्यंत गेली आणि धरली गेली. तिथे शालिकराम गवळी आधीच हजर. म्हणे, हे पांढरी कालवड माहीच व्हय. खूण काय, असं कारकुनाने मलाच विचारलं. ऑफिसात मी हेडक्लार्क आहे. शेवटी शेजाऱ्यांनी साक्ष दिली तेव्हा सुटली.
निश्चय: बिजलीच्या मांडीवर तापल्या लोखंडाने गोल डाग द्यायचा. कायमचा बंदोबस्त.

५ फेब्रुवारी
बायकोला, देवकीला, प्लॅन सांगितला. म्हणाली, तिले दुखन ना जी, लेकरू हाय ते. समजावलं की जनावराचं कातडं जाड असतं. चर्र झालं की पाच मिनिटांत विसरतं आणि चारा खायला लागतं. हे मी कुठल्याशा मासिकात वाचलं आहे, बहुतेक. ती म्हणाली, मंग पयले तुमी घेऊन पाहा. कबूल केलं. पुरुषाने माघार घेऊ नये. येत्या रविवारी दंडावर.

१० फेब्रुवारी, रविवार
सर्दी. अशा तब्येतीत प्रयोगाचा रिझल्ट चुकीचा येतो.

१७ फेब्रुवारी
साहेबांच्या नातवाचं बारसं. शर्टाची बाही डागावर घासली असती. पुढच्या रविवारी नक्की.

१९ फेब्रुवारी
विचारांती लक्षात आलं की माणसाचं कातडं पातळ, तेव्हा तुलनाच अशास्त्रीय. दंडाचा प्रयोग रद्द. ही माघार नव्हे. देवकी हसली. बायकांना सायन्स कळत नाही.

२४ फेब्रुवारी, सकाळी
मारोतराव लोहाराने दांडीचं कडं घडवून आणलं. म्हणाला, साहेब, तुमच्यानं होनार नाही, मी करून देतो. नकार दिला. शेगडी पेटवली आहे. बिजलीला खुंट्याला जखडलं आहे. आत्मविश्वास भरपूर.

त्याच दिवशी, दुपारी (पालथा पडून)
कडं लाल झालं. जवळ नेलं तर नुसत्या धगीने बिजली थरथरायला लागली, हंबरडा फोडला. म्हटलं, जरा शांत होऊ दे. कडं ओट्यावर ठेवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दम घ्यायला ओट्यावर टेकलो.
कड्यावरच.
मी ओरडलो नाही. शेजारी धावत आले ते दुसरा काही तरी आवाज ऐकून.

२६ फेब्रुवारी
धंतोलीतल्या डॉक्टरांनी विचारलं, इथे कसं भाजलं? शेतकी प्रयोग, असं सांगितलं. पाच मिनिटांत विसरण्याबाबत: अजून लक्षात आहे. भूक मेली. देवकी तवा घेऊन मागून गेली तरी दचकतो. मलम लावायला आली तर अंग चोरतो. म्हणाली, इतकी वर्षं खुर्चीवर बसून तुमचं कातडं जाड झालं असन ना. मी भिंतीकडे तोंड केलं.

३ मार्च
कडं लोहाराला परत दिलं. भूतदयेपोटी. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. बिजली मात्र मला पाहिलं की मागे सरते, अंगणात गेलो तर चारा सोडते. डाग दिलेलाही नाही, तरी. तिचा गैरसमज झाला आहे. गूळ देऊन दूर करीन.

९ मार्च
गूळ घेऊन गेलो. दावं तोडून पळाली.
पुन्हा कोंडवाडा, पुन्हा शालिकराम. कारकून म्हणाला, खूण नाही तर दोघंबी आवाज द्या, ज्याच्याकडे जाईल त्याची. मी प्रेमाने हाक मारली. बिजली पार भिंतीला चिकटली. शालिकरामने जीभ टाळ्याला लावून टकटक केलं, तर दोन पावलं त्याच्याकडे गेली. आता गेली, आणि माझ्यामुळे गेली.
तेवढ्यात मागून देवकी आली. बिजले, ये वं माय, एवढंच म्हणाली. बिजली धावत येऊन तिचा पदर चघळायला लागली. शालिकरामही हसला, म्हणाला, घेऊन जा वैनी, तुमचीच व्हय.
कारकुनाने मालक म्हणून देवकीचं नाव लिहिलं. मी कोण, असं विचारलं. घरचेच व्हत, ती म्हणाली.
बसता येत नाही म्हणून रिक्षा नको. देवकी आणि बिजली पुढे, मी मागे. बिजली सारखी मान वळवून पाहत होती, मी किती जवळ आलो ते. फार वाईट वाटलं. मी आणखी मागे राहिलो.