बासरी कुणासाठी

गुरुवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय माझं. अंबरपेठ पाहिलं, सिकंदराबाद पाहिलं, सगळीकडं त्या मशीनच्या बासऱ्या. शेवटी आज नामपल्लीच्या गल्लीत ते चाचा सापडले, शिसवाच्या लाकडाची बासरी हातानं करणारे. एक समोरच ठेवलेली होती, काळी, तेलानं चमकणारी. आणि ते विचारतात, "किसके वास्ते होना बेटा?"

दुकानात बसलेले सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पटकन म्हटलं, "भाई के वास्ते."

का म्हटलं? कुणी गळा धरला होता?

"तो भाई को लेको आओ," चाचा म्हणाले. "उंगलियां देखको छेद करता मैं." झालं! माझी बोटं ओढणीत, आणि मी "हौ, हौ" करत बाहेर.

घरी दादाला सांगितलं तर हसून हसून लोळला. "चल, येतो. पण माझी बोटं बघ, केळ्यासारखी. त्या भोकांवर तुझी पुरतील का, हौली, येडी कुठली?"

शाळा पण अशीच सुटली, उभं राहून बोलायला लागायचं म्हणून. बासरी नाही सोडायची. ती काळी चमक डोळ्यांपुढून जातच नाही.

दादा म्हणतो, उद्या मी बाहेर थांबतो, आत तू एकटी जा. म्हणून आत्ता भिंतीकडं तोंड करून म्हणून बघितलं, "चाचा, मेरे वास्ते होना." आवाजच नाही निघाला. परत म्हटलं. या वेळी निघाला, तर स्वयंपाकघरातून आई, "काय पाहिजे गं तुला?"

"बासरी!" मी ओरडलेच. "मला पाहिजे, मला!"