लिंबाच्या फांदीवरची गाळणी

म्हसावद,
आखाजीनंतरचा रविवार, १९६३

तीर्थस्वरूप रूपचंदमामांस भाचा गिरधरचा नमस्कार. (वैशाखाच्या उन्हानं जमीन तव्यासारखी तापलीय, म्हणून साष्टांग घालता येत नाही, उभ्यानंच पण मनापासून केलेला गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं लोणचं घालून झालं का? इकडे तुमची बहीण, म्हणजे माझी आई, ठणठणीत आहे. माझ्याशी बोलत नाही, यावरून प्रकृती उत्तम असल्याचं समजावं.

मागे तुम्ही विचारलं होतं, की बंगलोरच्या कारखान्यात मी नेमकं करतो काय. मामा, मी गाळण्या करतो. चहाच्या नव्हेत, लहरींच्या. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर तारेवाचून बोलणं पाठवायचं, तर हवेतल्या हजार लहरींतून आपली तेवढी आत घ्यायची आणि बाकीच्यांना दारातूनच परत धाडायचं. त्यासाठी तांब्याच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवतात. त्या एकमेकींना शिवत नाहीत, मध्ये केसाएवढी फट असते. तरी एकीतली लहर दुसरीत उतरते! मात्र दोघींची लांबी जुळलेली हवी, आणि लहरही त्याच मापाची हवी. फट किती ठेवायची, यावर मी वर्षभर डोकं खाजवतोय. दुपारी ओट्यावर पडलो की मिटल्या डोळ्यांपुढे सातपुड्याच्या प्रत्येक शिखरावर एकेक मनोरा उभा राहतो, आणि माझ्या गाळणीतून गाळलेलं कुणाचं तरी हसणं या डोंगरावरून त्या डोंगरावर जातं. (कुणाचं ते पुढे येईल. घाई करू नका.)

तर आखाजीच्या सणाला शेजारच्या लोटनकाकांच्या अंगणात, कडुलिंबाच्या एकाच फांदीला सारख्या लांबीचे दोन झोके बांधले होते. माहेरवाशिणी आल्या होत्या, गौराईची गाणी चालली होती. लोटनकाकांची तळोद्याला दिलेली बहीणही आली होती, आणि तिच्याबरोबर तिची मुलगी वत्सला. बायकांनी मला घेरलं, "गिरधरभाऊ, तू तठे काय करस?" मी पट्ट्या सांगितल्या, फट सांगितली, आणि कुणाचाही विश्वास बसला नाही. तेव्हा माझ्या अंगात मास्तर शिरला. (हा आपल्या घराण्याचा रोग आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.) एका झोक्यावर वत्सला नुसतीच बसली होती. दुसऱ्यावर मी बसलो आणि पायानं रेटा दिला. आखाजीच्या झोक्यावर एवढा मोठा बाप्या बसलेला म्हसावदनं आजवर पाहिला नसावा.

फांदी जराशी लवत होती. तेवढं पुरलं. माझा झोका हळूहळू मंदावला आणि तिचा, कुणीही न ढकलता, हलू लागला. मग मी अगदी थांबलो आणि ती उंच उंच जाऊ लागली. पुन्हा ती थांबली आणि मी निघालो. गाणी बंद पडली. मामा, मी गणितात हे कितीदा तरी मांडलंय, पण त्या गणिताला पदर नव्हता. मला ऊन दिसेना, माणसं दिसेनात. वत्सला तेवढी हळूच म्हणाली, "मन्हा झोका आपोआप कसा हालना?" आणि मी, सगळ्या गावादेखत, उत्तर देण्याऐवजी तिच्याकडे बघतच राहिलो.

लोटनकाका धावत आले. "तिना झोकाले हात कोन लाया?" कुणीच लावला नाही, हे साऱ्या बायकांनी एकमुखानं सांगितलं, आणि तिथंच घात झाला. हात लावला असता तर माफी मागून सुटलो असतो. न लावता हलवला, म्हणजे पोरगा बंगलोरहून काहीतरी विद्या शिकून आलाय! आई कपाळाला हात लावून म्हणाली, "मन्हा पोरगा गया कामथून." लोटनकाकांनी तिथल्या तिथं वत्सलाच्या झोक्याची दोरी हातभर आखूड केली, म्हणजे पोरीचे पाय वर आणि माझी विद्या खाली. खरंच, त्यानंतर काही केल्या तो झोका हलेना. मी वत्सलाला एवढंच सांगितलं, की दोरी लांब असो की आखूड, दोन्ही सारख्या हव्यात. तिनं मान डोलावली आणि घरात गेली. तेव्हापासून मी नुसता ओट्यावर पडून आहे. गाळणीचं रेखाटन तसंच अर्धवट आहे.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
गिरधर

ता. क. : गुडघा चालत असेल तर एक काम होतं. वत्सलाचे वडील सुकलालशेठ तळोद्यात तुमच्याच आळीत राहतात. पुढच्या आठवड्यात तिला शहाद्याचं स्थळ बघायला येतंय. (मुलाकडे केळीची बाग आणि विहिरीवर इंजिन आहे. माझ्याकडे केसाएवढी फट आहे.) त्याआधी सुकलालशेठच्या कानावर माझं नाव घालाल का? गाळणीचं काही बोलू नका. मला वत्सला फार आवडते, एवढंच बोला; ते खरं आहे.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आज सकाळी बघतो तर माझ्या झोक्याचीही दोरी कुणीतरी हातभर आखूड केलीय. मी नाही केली. लोटनकाका शपथेवर नाही म्हणतात. वत्सला ओसरीत गहू निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही, पण हसू तिला लपवता आलं नाही. मामा, आखूड दोरीचा झोका जलद हलतो. तुम्हीही गुडघ्याचं निमित्त सांगू नका, आजच निघा.