काडतुसे भरणाऱ्या कारागिराच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, बंदुकांच्या दुकानाच्या दिवंगत मालकाची पत्नी, देवाला स्मरून लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, चष्मा लावला की दिसते, आणि माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. मन स्वस्थ असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तो त्यांच्या शास्त्राप्रमाणे बरोबर असेल. मी मात्र हा कागद तिसऱ्यांदा लिहीत आहे, आणि प्रत्येक कलमानंतर उठून एक फेरी मारून येत आहे. आधीचे दोन कागद रद्द समजावेत.

कलम १. राहते घर, खालच्या दुकानाच्या गाळ्यासह, माझ्या लेकीला. मुलाला त्याच्या वडिलांनी हयातीतच जागा घेऊन दिली आहे, तेव्हा त्याने तोंड वाकडे करू नये. बँकेतली ठेव दोघांत निम्मी निम्मी.

कलम २. शिलाई यंत्र सूनबाईला. "आई, हल्ली घरी कोण शिवतं?" असे ती म्हणाली होती, म्हणूनच तिला देत आहे. महिन्यातून एकदा तेल घालावे.

कलम ३. लोखंडी कपाटात मोठ्या मापाची एक रायफल, एक रिव्हॉल्व्हर आणि दोन्हींची उरलेली काडतुसे आहेत. हे सर्व पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. मुलाला ती रायफल दिवाणखान्यात लावायची आहे. लावू नये. मागच्या खेपेला दोन्ही काडतुसे हातात घेऊन तो म्हणाला, "दोन्ही पंचेचाळीसचीच ना? मग एकच की, आई!" बंदूकवाल्याच्या पोटी जन्मून ही अक्कल! म्हणून लिहून ठेवते. पंचेचाळीस ही झाली गोळीची जाडी, बाकी काही नाही. रिव्हॉल्व्हरचे काडतूस बुटके, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडे मोठे. रायफलचे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंच, तळहातावर ठेवले की वजन कळते. पण खरा फरक पोटातल्या दारूचा. रिव्हॉल्व्हरची नळी वीतभर, तेवढ्यातच गोळीला जोर मिळायला हवा, म्हणून त्याची दारू भस्सकन पेटणारी. रायफलची नळी लांब, तिची दारू दमादमाने पेटते आणि गोळीला शेवटपर्यंत रेटत नेते. घाईची दारू रायफलच्या मोठ्या पुंगळीत भरली, तर गोळी हलायच्या आतच सगळा जोर उसळतो आणि बंदूक मागच्या बाजूने फुटते. आणि दिसायला दोन्हींचे दाणे करडेच. हे मला पुस्तकातून कळलेले नाही.

~~कलम ४. वरच्या मजल्यावरची खोली, जिथे माझे दीर आज राहतात, ती त्यांच्याकडे मरेपर्यंत राहील. त्यांना तिथून कोणी उठवू नये.~~ (खोडले. कारण शेवटी दिले आहे.)

कलम ५. दुकानामागची कार्यशाळा, काडतुसे भरण्याचे हातयंत्र, छोटा तराजू, कानशी, पकडी, जे काही तिथे असेल ते, आमच्या जुन्या कारागिराच्या नावे करते. तो आता बाजाराच्या टोकाला कुलपे दुरुस्त करतो. ही मेहेरबानी नाही. का नाही ते सांगते.

एकोणीस वर्षांपूर्वी कार्यशाळा झाडताना मला रिव्हॉल्व्हरच्या दारूचा डबा तळाशी गंजलेला दिसला. शेजारी रायफलच्या दारूचा डबा रिकामा पडला होता, अगदी धड, झाकण घट्ट बसणारा. धड डबा टाकून देणे माझ्याने होत नाही. मी गंजक्या डब्यातली दारू त्यात ओतली. वरची चिठ्ठी बदलायची म्हणून डिंक आणायला घरात गेले. तेवढ्यात माहेरून फोन आला. बोलण्याच्या नादात डिंक राहिला, आणि चिठ्ठी जुनीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कारागिराने ती चिठ्ठी वाचून रायफलची काडतुसे भरली, नेहमीसारखी तोलूनमापून. दुकानातल्या प्रत्येक बंदुकीची चाचणी माझे दीर घेत. पहिल्याच बाराला रायफल फुटली. त्यांचा उजवा डोळा गेला आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली.

मी त्याच संध्याकाळी आमच्या ह्यांना सांगितले. ह्यांनी डब्यावरची चिठ्ठी वाचली आणि झाकण घट्ट लावले.

"कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. दुकानाचा परवाना जाईल. कारागीर काय, हुन्नरी आहे, कुठंही पोट भरेल."

त्याला सकाळी काढले. जाताना तो मागच्या दारी आला आणि म्हणाला, "ताई, मी चिठ्ठी दोनदा वाचली होती हो." मी म्हटले, "देव बघतो आहे." देव बघतच होता. मी खाली बघत होते.

रायफल फोडलेल्या माणसाला कोणता बंदूकवाला कामावर ठेवणार? चार दुकाने फिरून तो कुलपांवर आला. आमच्या ह्यांचे बाकी सगळे मी माफ केले. 'हुन्नरी आहे' एवढे शब्द माफ होत नाहीत. आणि ह्यांचे नाव तरी किती पुढे करायचे? हे जाऊन सहा वर्षे झाली. सहा वर्षे माझ्या तोंडावर कोणाचा हात नव्हता. माळ घेऊन बसते, पण मण्यावरून बोट पुढे सरकत नाही, उठून कार्यशाळेच्या दाराचे कुलूप ओढून बघते आणि परत येते.

म्हणून स्पष्ट लिहिते: चूक माझी होती. कारागिराची नव्हती. हे कलम माझ्या मागे घरच्यांसमोर आणि बाजारातल्या बंदूकवाल्यांसमोर मोठ्याने वाचावे. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात वाटणी लिहितात, कबुली नव्हे." मी म्हटले, "त्याच्या वाटणीचं आहे ते, म्हणून लिहिते."

पुरवणी (सह्या झाल्यावर, त्यांच्या वर राहिलेल्या जागेत लिहिली). आज सहीला बसण्याआधी, डॉक्टर, वकीलसाहेब आणि त्यांचा कारकून जमलेले असताना, मी हा कागद दीरांच्या हातात दिला. माझ्यामागे त्यांनी तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा, हे मला सोसेना. एका डोळ्याने त्यांनी तो सावकाश वाचला.

"वहिनी, डिंक आणायला गेला होतात?"

"हो."

"एकोणीस वर्षं तो समोरून आला की मी रस्ता ओलांडतो. एकदा सगळ्या बाजारादेखत त्याच्या टपरीवर थुंकलोय." मग कागद गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "आणि हे तुम्ही गेल्यावर वाचायचं?"

"हो."

"तो आधी गेला तर?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

दीर वकीलसाहेबांना म्हणाले, "साक्षीदार कोण?"

"एक डॉक्टर, दुसरा माझा कारकून."

"कारकुनाला काय माहीत? फुटली ती माझ्या हातात. मी सही करतो."

"तुम्हाला चालणार नाही. तुमच्या नावे खोली आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही."

"मग खोडा ते कलम. मिंधा साक्षीदार काय कामाचा?"

"भाऊजी, खोली जाईल," मी म्हटले.

"जाऊ दे. पुतणी काय मला रस्त्यावर काढणारे?"

काढणार नाही. लेकी, हे कलम नाही, आईचे सांगणे आहे.

कलम ४ माझ्यासमोर खोडले. 'माझ्या मागे' हे शब्दही मी खोडणार होते, पण दीर म्हणाले, "राहू द्या, तेव्हाही वाचू." कलम ५ ची नक्कल त्यांनी कारकुनाकडून लिहून घेतली आणि सही होताच खिशात घालून जिना उतरले. कुठे जाता हे मी विचारले नाही. बाजाराच्या टोकापर्यंत त्यांच्या चालीने पाऊण तास लागतो, आणि पाऊण तास होऊन गेला आहे.

ठिकाण: राहते घर, दुकानावरची खोली.
दिनांक: नऊ तारीख, मंगळवार, सकाळी साडेअकरा.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार १: डॉक्टर. (सही)

साक्षीदार २: दीर. (सही, डाव्या हाताने)

शेरा: लाख वितळवून ठेवली आहे. साक्षीदार क्रमांक दोन परत येईपर्यंत, आणि ते एकटे येतात की दुसऱ्या कोणाला घेऊन येतात हे बघेपर्यंत, पाकीट बंद करू नये असे मी वकीलसाहेबांना सांगितले आहे.