दारात मी नव्हते

प्रिय ठकू,

या नावानं तुला फक्त तुझी आई हाक मारते. आपली ओळख दहा वर्षांची, पण मी तुला कायम तुझ्या चांगल्या नावानंच बोलावलं. आज मुद्दाम हे घेतलं. रागावू नकोस, रागवायला पुढे पुष्कळ आहे. तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि काहीतरी काम काढून उठते. काल तर मी घरातले सगळे चमचे घासून काढले. नवऱ्यानं विचारलं, कुणी येणार आहे का. म्हटलं, नाही, मला एक पत्र लिहायचंय. त्यानं एक चमचा उचलून उजेडात धरून बघितला.

आधी इकडची खबर. मालिका अजून चालूच आहे. सून म्हणून लागले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, आता मलाच सून आणायचं घाटतंय. मेकअपवाली विचारत होती, केस थोडे पांढरे करू का. मी म्हटलं, करायची गरज नाही, तू रोज लपवतेस तेवढे लपवणं बंद कर, पुरे. तुझ्या आईची खुर्ची मेकअपरूममध्ये अजून आहे, खिडकीकडची, एक पाय आखूड असलेली. नवीन शेजाऱ्याचं काम करणारा त्या खुर्चीवर कोट टाकतो. मी दोनदा कोट उचलून खुंटीला लावला. तिसऱ्यांदा नाही लावला. तिथे कोण बसायचं हे त्याला सांगायला गेले असते तर मला रडू आलं असतं, आणि तो चांगला माणूस आहे, घाबरला असता.

मी तिला सेटवर आणि सेटबाहेर सासूबाईच म्हणायचे, हे तुला माहीत आहे. तूच एकदा चिडून म्हणाली होतीस की माझ्या आईची लेकही तू आणि सूनही तूच, मग माझ्या वाट्याला काय. पहिल्याच दिवशी तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की रडायचा प्रसंग असेल तर आधी पोटभर खाऊन घे, उपाशी माणसाचं रडणं खोटं दिसतं. आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं माझ्या पुढ्यात ठेवलं. पडद्यावर तिनं मला वर्षभर छळलं, पुढची दोन वर्षं माझ्याशी अबोला धरला, मग लेखिकेच्या कृपेनं माझ्यावर माया करायला लागली. मधल्या सुट्टीत मात्र पहिल्या दिवसापासून ती माझ्या केसांतल्या गाठी सोडवत बसायची. तिचे संवाद एका वाचनात पाठ असायचे. तिचेच नाही, समोरच्याचेही. मी अडखळले की ती माझं वाक्य स्वतःच बोलून टाकायची आणि वर म्हणायची, सुनेच्या मनातलं सासूला कळतंच.

चार वर्षांपूर्वी तिचा एक शब्द गळाला. मग एक वाक्य. सुरुवातीला आम्ही दोघी हसलो. नंतर एका सकाळी चौदा वेळा तोच प्रसंग करावा लागला आणि त्यानंतर हसलो नाही. तुला आमचे मालिकेतले काका आठवतात ना, घोगऱ्या आवाजाचे? त्यांचंही असंच व्हायला लागलं होतं. निर्मात्यानं एका आठवड्यात काकांना परगावी लेकाकडे पाठवलं. आमच्या मालिकेत परगावी गेलेलं माणूस कधी परत येत नाही. काका पुढे वर्षभर घरी बसून होते, फोन केला की विचारायचे, कथा माझ्याकडे वळतेय का गं. तुझ्या आईनं ते सगळं पाहिलं होतं. तिनं माझा हात धरून सांगितलं, माझं परगाव होऊ देऊ नकोस. आणि ठकूला कळवू नकोस, ती येऊन मला घेऊन जाईल. सकाळी सेटची गाडी आली नाही तर मी उठू कशाला, असं म्हणाली.

मग मी युक्त्या सुरू केल्या. पडद्यावरची सून सारखी काही ना काही घेऊन सासूपुढे जातच असते. चहाचा ट्रे, औषधाची डबी, धुतलेल्या चादरी. ट्रेच्या आतल्या बाजूला मी तिची वाक्यं मोठ्या अक्षरात चिकटवायची. अक्षर दिसेना तेव्हा लेखिकेच्या मागे लागून सासूला चष्मा लावून घेतला. वाचणंही जमेना तेव्हा मी कॅमेऱ्याकडे पाठ करून तिच्यासमोर उभी राहायला लागले. लोकांना माझी पाठ दिसायची आणि तिकडे मी आवाज न काढता नुसत्या ओठांनी तिचं वाक्य बोलायचे. ती माझ्या ओठांवरून उचलायची, आणि इतकं झकास बोलायची की माझ्याच अंगावर काटा यायचा. त्या दोन वर्षांत माझ्या पाठीनं जेवढं काम केलं तेवढं माझ्या चेहऱ्यानं जन्मात केलं नाही. सेटवर प्रत्येकाला थोडं थोडं कळलं होतं, पूर्ण कुणालाच नाही. आणि तुला काहीच नाही. तू दर रविवारी मला फोन करून विचारायचीस, आई बरी आहे ना, आणि मी सांगायचे, आपल्या दोघींपेक्षा बरी आहे. ते मी खोटं बोलत होते.

आता त्या भागाकडे येते. दोन हजार भाग झाले तेव्हा निर्मात्याच्या डोक्यात आलं की कलाकारांनी एकेक भाग दिग्दर्शित करायचा. बातमी होईल, लोक बघतील. पहिला नंबर आमच्या नायकानं लावला. त्या भागात तो जिना उतरायलाच दीड मिनिट घेतो. आम्ही पोट धरून हसलो. दुसरी पाळी माझी. ठकू, मला ते किती हवं होतं हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. नऊ वर्षं दुसऱ्याच्या खुणेवर उभं राहायचं, दुसरा म्हणेल तेव्हा वळायचं. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा मला ठरवू द्या की कुठे उभं राहायचं. मी वही केली. प्रत्येक शॉटचं चित्र काढलं. नवरा म्हणाला, लग्नाच्या तयारीतही तू एवढी नव्हतीस.

भाग असा होता. धाकटा मुलगा भांडून घर सोडून जातो. सासू त्याच्या खोलीत येते, त्याचे कपडे घडी करते आणि एकटीच चार मिनिटं त्याच्याशी बोलते. लेखिकेनं सून दारात उभी ठेवली होती. मी सुनेला काढून टाकलं. सगळ्यांना सांगितलं की चौकटीत उभं राहून चौकट कशी दिसते ते कळत नाही, आणि आई एकटीच असली तर खोली रिकामी वाटेल. दोन्ही खरं होतं. मी स्वतःचा प्रसंग कापला म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं आणि मी ते मिरवलं. तुझी आई दोन वर्षं ज्या दाराकडे बघून वाक्य उचलत होती, त्या दारातून मी बाजूला झाले होते.

विचार केला नव्हता असं नाही. मी तिच्या कानात एक छोटं यंत्र बसवून घेतलं, बाहेर दिसत नाही असलं. मी मॉनिटरपाशी बसून हळू आवाजात एकेक वाक्य सांगायचं, तिनं ऐकून बोलायचं. आदल्या दिवशी आम्ही पूर्ण तालीम केली, उत्तम झाली. ती म्हणाली, आता तू माझ्या डोक्यातच येऊन बसलीस. हे फक्त आम्हा दोघींना आणि आवाजवाल्याला माहीत होतं.

सकाळी अकराला शॉट लागला. पहिली दोन मिनिटं सुरेख गेली. मी सांगत होते, ती बोलत होती. मग ती एका सदऱ्याशी थांबली. घडी केली, परत उलगडली, आणि वर बघितलं. पुढचं वाक्य माझ्या हातातल्या कागदावर होतं. मला ते तिला सांगायचं होतं. पण मॉनिटरमध्ये तिचा चेहरा बघितला आणि मी गप्प बसले. तसा चेहरा मी कधी बघितला नव्हता, अभिनयातही नाही आणि बाहेरही नाही. मला वाटलं, दोन सेकंद. दोन सेकंद राहू दे, मग सांगते. आवाजवाल्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी हातानं त्याला थांब म्हटलं. ती उठली. दारापाशी गेली, मी उभी असते त्या जागी बघितलं, चौकटीवरून हात फिरवला. मग दिव्यांकडे एकेक करून बघत गेली. ओठ हलले, काहीतरी बोलली. मी काही सांगितलं नाही. नंतर संकलनाच्या खोलीत मोजलं, एक मिनिट वीस सेकंद. एवढा वेळ मी तिचं वाक्य हातात धरून बसले होते.

मी कट म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरामन डोळे पुसत होता. टाळ्यांनी ती दचकली, भिंतीला टेकली. मग तो आवाज तिच्या ओळखीचा निघाला असावा, कारण तिनं सवयीनं वाकून सगळ्यांना नमस्कार केला. मी धावत गेले. तिनं मला विचारलं, बाई, तुम्ही इथल्याच का? दुपारपर्यंत ती बरीचशी परत आली, पण पूर्ण कधीच नाही. तीन आठवड्यांनी तिला परगावी पाठवलं. तू येऊन तिला घेऊन गेलीस, आणि जाताना निर्मात्याला नको नको ते बोललीस की तुम्ही काम काढून घेतलंत म्हणून माझ्या आईचं असं झालं. मी शेजारी उभी होते. तुझी बॅग मीच गाडीत ठेवली. तोंड उघडलं नाही.

तो भाग गाजला. त्याच्यावर मला दुसऱ्या मालिकेचं काम मिळालं, आठवड्यातले दोन दिवस मी आता तिथे खुर्चीवर बसून इतरांना उभं करते. लोक विचारतात, ते तुम्ही सासूबाईंकडून कसं काढून घेतलंत. मी हसते. आवाजवाला माझ्याशी कामापुरतं बोलतो.

आणि आता तुझं पत्र. तू लिहितेस की रोज दुपारी जेवण झालं की तू आईला तो भाग लावून देतेस. सदऱ्यापाशी आलं की ती उठते, टीव्हीजवळ जाते, काचेवर हात ठेवते आणि रडते. तुला वाटतं, तिला आपलं काम आठवतं. त्या चार मिनिटांत आई मला परत मिळते, असं तू लिहिलंयस, आणि तिच्या वाढदिवसाला सगळ्या नातेवाइकांसमोर दाखवायला तो पूर्ण शॉट माझ्याकडे मागितलास. ठकू, ते काम नाही. ती तेव्हा हरवली होती, आणि तू तिला रोज दुपारी तिथेच नेऊन सोडतेस. हे मी सांगितलं नाही तर तू सोडतच राहशील, म्हणून हे पत्र. त्या जागी तुला फक्त व्हायोलिन ऐकू येतं, कारण तिचा आवाज मी काढायला लावला. संकलक विचारत होता, ही काय म्हणतेय. मी सांगितलं, काही नाही, बडबड आहे. ती म्हणत होती, ठकू, ए ठकू, मला घरी ने गं. तीनदा म्हणाली. विश्वास बसला नाही तर एकदा, एकटीनं, आवाज बंद करून तिचे ओठ बघ. तुला कळतील. त्यानंतर तो भाग पुन्हा लावू नकोस. उद्या दुपारी जेवण झालं की तिच्याजवळ बस आणि ओ दे. दीड वर्ष झालं तिनं हाक मारून, अजून तिला कुणी ओ दिलेली नाही.

तुझीच,
तुझ्या आईची सून