पश्चिमेच्या पाख्यावरचे खिळे

७ ऑक्टोबर १९९१, सोमवार

गन आली! हेल्मीने ट्रकमधून उतरवली. मागोमाग कॉम्प्रेसर, त्याच्यामागे लांबलचक नळी. मी चर्चच्या भिंतीला शिडी लावत होतो. विचारलं, हे काय? म्हणाली, "खिळे मारायचं यंत्र, इसा. जगात सगळे हेच वापरतात."

जगात सगळे! पोरगी सहा वर्षं मिलवॉकीची छपरं शाकारून काय आली, बापाला जग दाखवायला निघाली. पण 'इसा' म्हणाली. मी माझ्या बापाला म्हणायचो तसंच, फिनिशमध्ये. तिकडे राहून तेवढं विसरली नाही.

मी म्हटलं, त्रेसष्ट साली हे छप्पर मी हाताने शाकारलंय. एकेक खिळा. अठ्ठावीस वर्षांत आत एक थेंब नाही.

"म्हणून तर आज उपटतोय ना? अठ्ठावीस वर्षांत शिंगल मरतातच. मग हाताने मारलेल्या असोत नाहीतर पायाने!"

अशी जीभ. आईची.

शेवटी वाटणी झाली. पूर्वेचं पाखं तिचं, गनने. पश्चिमेचं माझं, हातोडीने. पाद्री कोस्केला खाली उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "वाल्फ्रिड, बर्फ पडायच्या आत झालं म्हणजे देवाला दोन्ही चालेल." त्यांचं बरोबर आहे. महिनाअखेर बर्फ आलाच समजा, आणि तोवर निम्मं चर्च उघडं.

पश्चिम मी मुद्दाम मागून घेतली. तिथून सेनियाची कबर दिसते. हे कुणाला सांगितलं नाही.

दुसरंही सांगितलेलं नाही. उजवा हात. ऑगस्टमध्ये हॅनकॉकच्या डॉक्टरने सांगितलं की ही थरथर जाणार नाही, वाढत जाईल, शिडी सोडा. घरी येऊन हेल्मीला सांगितलं, डॉक्टर म्हणाला तब्येत ठणठणीत. तिला कळलं तर त्याच दिवशी छपरावरून खाली उतरवेल. उतरवू दे, पण हे एक झाल्यावर. याच चर्चमध्ये आमचं लग्न लागलं. याच्या छपरावर सेनिया माझ्याबरोबर बसून खिळे निवडून द्यायची. एवढं एक मला पुरं करायचं आहे.

८ ऑक्टोबर

जुन्या शिंगल उपटल्या, कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या डांबरी चकत्या. कमरेचे बारा वाजले.

खाली जुन्या फळ्या निघाल्या, १९११ च्या. दोन फळ्यांमध्ये बोटभर फटी. मी हेल्मीला दाखवल्या. म्हटलं, हाताने मारताना पहिल्या टोल्याला कळतं, खाली लाकूड आहे की फट. लाकूड असलं की आवाज भरीव येतो, फट असली की खिळा नुसता आत पडतो. तुझ्या गनला काय कळणार? ती फटीतही ठोकणार आणि लाकडातही, सारखाच धडाका!

तिने एका फटीत बोट घालून बघितलं. मग खडू घेऊन प्रत्येक फटीवर, पार आढ्यापर्यंत, रेघ मारत गेली. तिच्या पाख्यावर तर मारल्याच, माझ्यावरही मारल्या. मला हे तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

१० ऑक्टोबर

फट् फट् फट् फट्. दिवसभर. कान किटले.

तिच्या अकरा ओळी झाल्या, माझ्या चार. मुद्दाम माझ्या बाजूला येऊन आढ्यावर बसली, पाय सोडून. "कसं काय म्हातारबा? घरून जेवण पाठवू का?" मी काही बोललो नाही. तोंडात खिळे होते.

हे आज लक्षात आलं. हातोडीवाल्याच्या तोंडात कायम खिळे, म्हणून त्याला बोलता येत नाही. गनवाल्याचं तोंड मोकळं! तिचं तोंड आज दिवसभर चालू होतं. मिलवॉकीच्या मुकादमाची नक्कल केली. तिथल्या खोलीत रेडिएटर कसा खडखडायचा ते सांगितलं. नवऱ्याने सोडलं तेव्हा दोन महिने कुणाला सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं, गन मारता मारता, माझ्याकडे न बघता. सहा वर्षांत पत्रात एक अक्षर लिहिलं नव्हतं या गोष्टीचं.

आणि मी? तोंडात मूठभर खिळे धरून ऐकत राहिलो. थुंकून टाकायला हवे होते. "माझ्याकडे यायचंस" एवढं तरी म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. फार वाईट वाटतंय.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सौना, आमची वाफेची अंघोळ. आधी मी, मग ती. खांदा शेकून निघाला, हात नाही.

निसू केला होता तिने, आमचा गोड पाव. वेलदोडा जास्त पडला होता. मी तीन तुकडे खाल्ले.

१४ ऑक्टोबर

शिंगल कमी पडल्या. हेल्मी ट्रक घेऊन हॉटनला गेली. मी एकटा वर.

तिच्या पाख्यावर गेलो. बघायला! बघितलं तर काय बिघडलं? थंडीत शिंगल एकमेकींना चिकटत नाहीत, उन्हाळ्यात उन्हाने आपोआप चिकटतात. आता प्रत्येकीची खालची कड उचलली जाते आणि आतले खिळे दिसतात. उचलून बघत गेलो.

ओळ सरळ. अंतर चोख. फटी सगळ्या टाळलेल्या. कापणी तर माझ्याहून बारीक. खरं लिहायचं तर पोरगी माझ्याहून चांगलं शाकारते. तिला सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

पण तिसऱ्या-चौथ्या ओळीत गडबड होती. सकाळी कॉम्प्रेसरच्या हवेचा दाब जास्त झाला असणार. खिळ्यांची डोकी शिंगल फाडून आत घुसलेली. असा खिळा धरत नाही, पहिल्या वादळात शिंगल उडते. मोजले, सव्वीस निघाले. प्रत्येकाच्या शेजारी माझा एक खिळा मारला, फाटलेल्यावर डांबराचं बोट लावलं, कड खाली केली. ती यायच्या आत आपल्या बाजूला येऊन बसलो, तोंडात खिळे घालून.

तिला बोललो असतो तर हिरमुसली असती. पहिलंच छप्पर आहे तिचं इथे आल्यापासून. सगळं गाव बघतंय.

१५ ऑक्टोबर

वाईट दिवस. अंगठ्यावर दोनदा. नऊ खिळे वाकले. काही बसले की नाही, नक्की सांगता येत नाही. तिने पाहिलं नाही.

१७ ऑक्टोबर

हल्ली सकाळी सहालाच निघते. म्हणते कॉम्प्रेसर गरम व्हायला वेळ लागतो. काय ते यंत्र! गाय बरी, दूध तरी देते. मी आठला पोचलो की तिची कॉफी संपलेली, नाक लाल, आणि "या साहेब, उठलात?"

मी म्हटलं माझ्या हातोडीला गरम करावं लागत नाही. खळखळून हसली. सेनियासारखी हसते, डोकं मागे टाकून. छपरावर असं हसू नये, तोल जातो, हे सेनियालाही सांगायचो.

दुपारी पेस्टी, मांस-बटाट्याची ती मोठी करंजी, खाताना डावा हात वापरला. म्हटलं उजव्याला डांबर लागलंय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज डांबर. थंडी वाढली, आता शिंगल वसंतापर्यंत चिकटणार नाहीत, म्हणून प्रत्येकीची कड उचलून आत डांबराचा ठिपका द्यावा लागतो. ती पूर्वेला, मी पश्चिमेला, वळचणीपासून वर.

पंधरा तारखेच्या ओळींशी आलो. आता माझीच घाण मला दिसणार. कड उचलली. चार खिळे. चारही सरळ. पुढची उचलली, तीही चोख. त्याच्या पुढची, तशीच. मी म्हटलं, वा वाल्फ्रिड! इतका वाईट नाही झालास!

मग नीट बघितलं.

माझ्या हातोडीच्या तोंडावर जाळी कोरलेली आहे, घसरू नये म्हणून. मी मारलेल्या प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर ती जाळी उमटते. इथे चारातल्या दोनच खिळ्यांवर जाळी होती. दोन गुळगुळीत.

पुढची. तीन गुळगुळीत.

पुढे एक होती तिच्यावर माझा एकही नव्हता. चारही गुळगुळीत. म्हणजे त्या शिंगलवर मी चारदा हातोडी उचलली आणि एकही खिळा जागेवर बसवू शकलो नाही. वाकलेले उपटून, भोकांना डांबर लावून, कुणीतरी शेजारी नवे मारले होते. हाताने. गन लावली असती तर गावभर ऐकू गेलं असतं.

सकाळी सहाला कॉम्प्रेसर गरम करते म्हणे!

वळचणीपासून पुन्हा सुरुवात केली. पहिल्या दिवसापासूनच्या ओळी. पहिल्या ओळीतही गुळगुळीत खिळे आहेत.

हातातली डांबराची पट्टी तशीच राहिली. तिकडून ओरडली, "इसा, झोपलास का?" मी ओरडलो, नाही. पुढची कड उचलली.

२० ऑक्टोबर, रविवार

चर्च. ती शेजारी बसली होती. सगळे वर बघत होते, छताकडे, जणू शिंगल आतून दिसतात. पाद्रींनी आमची नावं घेतली. हेल्मीने कोपर मारलं मला.

विचारलं नाही. विचारायचं म्हणजे कबूल करायचं. कालपासून दहादा तोंड उघडलं आणि दहादा मिटलं. या वेळी तर तोंडात खिळेही नव्हते.

२१ ऑक्टोबर

आज तिनेच विचारलं. दुपारी, आढ्यावर, दोघांच्या मध्ये थर्मास.

"इसा, एक सांग. माझ्या पाख्यात जाळीचे खिळे कसे आले रे?"

मी कपात कॉफी ओतून घेतली.

"सव्वीस मोजले मी. डांबर लावताना. चौदा तारखेला मी हॉटनला गेले आणि छपरावर उंदीर येऊन खिळे मारून गेले वाटतं."

मी म्हटलं, तुझ्या हवेचा दाब जास्त होता.

"मग सांगायचं ना!"

तू हिरमुसली असतीस.

"मी? छत्तीस वर्षांची घोडी?" हसायला लागली, आणि हसता हसता थांबली. माझ्या उजव्या हातातला कप हातात घेतला, कारण तो सांडत होता. कॉफी माझ्या पँटवर पडत होती आणि मला कळलंही नव्हतं.

मी म्हटलं, आणि माझ्या पाख्यातले गुळगुळीत?

तिने रुमालाने माझी पँट पुसली. मग म्हणाली, "तू हिरमुसला असतास."

कधीपासून माहीत होतं, विचारलं. म्हणाली, ईस्टरला. चार दिवस आली होती तेव्हा मी तिच्या बुटांच्या नाड्या बांधून द्यायला वाकलो. लहानपणी द्यायचो तसं, गंमत म्हणून. आणि गाठ मारता आली नाही. मी हसण्यावारी नेलं होतं. ती परत गेली, आणि महिन्याभरात मिलवॉकीची नोकरी सोडून आली. मला म्हणाली होती कंटाळा आला.

"आणि गन माझ्यासाठी नव्हती आणली," म्हणाली. "मला हातोडीच आवडते, तूच शिकवलीस. गन तुझ्यासाठी. तिला नुसतं टेकवून दाबायचं असतं. दोन्ही हातांनी धरता येते. हात थरथरला तरी खिळा सरळ जातो. पण तुझ्यापुढे सरळ ठेवली असती तर तू नळीसकट सुपीरियर तळ्यात फेकली असतीस."

फेकली असती. खरं आहे.

मी सांगितलं डॉक्टर काय म्हणाला ते. सगळं. पहिल्यांदा मोठ्याने. ती ऐकून म्हणाली, "शिडी मी धरणार. दोर बांधायचा. पश्चिमेच्या पाच ओळी राहिल्यात, त्या तू पुऱ्या करायच्या. मग उतरायचं, आणि पुन्हा चढायचं नाही. कबूल?"

म्हटलं, कबूल.

मग मी रडलो. अडुसष्टाव्या वर्षी, चर्चच्या आढ्यावर, गावाच्या मधोमध. ती बाजूला बसून राहिली, पाठीवर हात ठेवून. खालून पोस्टमन गेला. त्याने टोपी काढली आणि वर बघितलंच नाही, भला माणूस.

२३ ऑक्टोबर

आज गन मारली मी. पाच ओळी, दोन्ही हातांनी, कमरेला दोर. हेल्मी मागून हातोडीने कडेच्या शिंगल ठोकत होती. सगळे सरळ बसले. एकदा फटीवर लावली तर ती ओरडली, "खडूची रेघ दिसत नाही का म्हातारबा!"

पश्चिम झाली. सेनियाला वरून दाखवली. हेल्मीने विचारलं कुणाशी बोलतोयस? सांगितलं. तिने हातोडी खाली ठेवली आणि तीही बोलली आईशी थोडं.

संध्याकाळी लिहायला बसलो. या ओळी लिहायला तासाहून जास्त लागला. मलाच वाचता येत नाहीत.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आजचं अक्षर हेल्मीचं आहे. मी सांगतोय, ती लिहितेय. सकाळी आढं बसलं, दुपारी बर्फ पडला, चर्च कोरडं आहे. ती म्हणते मागची पानं तिने उलटलेली नाहीत, आणि उलटणारही नाही, ती माझी आहेत. मी म्हणालो, उलट. सात तारखेपासून वाच, चौदाचं, कोण जास्त चांगलं शाकारतं ते, तर दोनदा वाच. मी इथेच समोर बसलोय.