दुरुस्तीला न आलेले टीव्ही

सावदा, ४ मार्च

ती. समाधानभाऊस,
कुंदनचा सा. न. वि. वि.

फोन न करता लिहिते आहे, कारण नाना समोरच असतात. अर्धांगाने सासऱ्यांचं डावं अंग आणि बोलणं गेलं, कान मात्र शाबूत आहेत. त्यांच्यापुढे हे बोलवत नाही. शिवाय फोनवर तू नुसता हो हो करतोस. लिहिलेल्याला तुला उत्तर द्यावं लागतं.

परवा आमचा जुना टीव्ही पेटला. हे मजुरांबरोबर केळीच्या कटाईला मळ्यात, तुझी भाची ऋतिका जळगावला कॉलेजात. घरात नाना आणि मी. मी मागच्या अंगणात होते. आत आले तर खोलीत धूर, टीव्हीच्या पाठीमागे वीतभर ज्योत, आणि नाना उजव्या हाताने पलंगाची कड धरून स्वतःला खाली ओढत होते. किती वेळ, कोण जाणे. त्यांच्या नखांत पलंगाच्या रंगाचे पोपडे होते. मी मेन स्विच बंद केला, गोधडी टाकली. नाना वाचले.

तेव्हापासून ते काळ्या झालेल्या भिंतीकडे बघत पडून असतात. जेमतेम दोन घास खातात. दिवसभराची सोबत त्यांना तेवढीच होती. नवा टीव्ही आणायलाच हवा, आणि तो घरात येण्याची मला भीती वाटते. मोबाईलवर लोकांचे अभिप्राय वाचले. पाच तारे देणाऱ्याने टीव्ही आणून दोनच दिवस झालेले असतात. एक तारा देणारा नुसता चिडलेला असतो. दोघांवरही विश्वास बसत नाही. तू बावीस वर्षं टीव्ही उघडतो आहेस. चित्र कसं दिसतं ते विचारत नाही. ज्या खोलीतला माणूस उठून पळू शकत नाही, तिथे कोणता ठेवावा, एवढंच सांग.

वहिनींना नमस्कार. माया आहे ती अशीच राहू दे.

तुझी धाकटी,
कुंदन

धुळे, ९ मार्च

चि. कुंदनला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. बी.ए. तू झालीस, पण वह्या मीही ठेवतो. दुरुस्तीला आलेला प्रत्येक टीव्ही मी लिहून घेतो: कंपनी, दोष, तारीख. गेल्या चार वर्षांची पानं मोजली. ‘मनोरम’चे एकसष्ट आले. ‘तेजोवर’चे फक्त दोन, त्यातल्या एकावर मांजराने उडी मारली होती. दुकानदार तुझ्या गळ्यात मनोरमच मारेल, कारण घरोघरी तोच आहे. ऐकू नकोस. डोळे मिटून तेजोवर घे. जाहिरात खोटं बोलेल, माझी वही बोलणार नाही.

जितेंद्ररावांना म्हणावं, मेव्हण्याचा सल्ला फुकट आहे म्हणून हलका समजू नका. नानांना नमस्कार. तब्येतीला जप, आणि राग आला तरी लिहीत जा.

तुझा,
समाधान

सावदा, २ एप्रिल

ती. समाधानभाऊस,
सा. न. वि. वि.

जळगावहून तेजोवर आणला. नाना पुन्हा जेवू लागले. हे म्हणतात, तुझ्या भावाच्या वहीला आता हळदकुंकू वाहा. मी मात्र दर पंधरा मिनिटांनी टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवून बघते. गरम लागते. किती गरम असायला हवी, ते मला माहीत नाही. नाना माझं हे बघणं बघतात आणि नजर वळवतात.

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. पहिल्या पत्रात मी अंगणात होते असं लिहिलं. ते खरं, पण अपुरं. जुना टीव्ही सकाळपासून तडतडत होता. मी ते ऐकलं होतं. तरी आवाज मोठा केला आणि पेरूखाली डायरी घेऊन बसले, जवळजवळ तासभर. मला तो तास हवा होता. कंपन्यांची एवढी चौकशी मी नानांसाठी करते आहे की दोष कंपनीवर ढकलायला, हे माझं मलाच कळत नाही. डायरीत लिहिलं होतं, पण डायरी कोणी वाचत नाही. म्हणून तुला.

दुसरी गोष्ट. जळगावच्या दुकानदाराला विचारलं होतं, बिघडला तर कोण येईल. तो म्हणाला, ताई, हा कोणी उघडतच नाही, सुटे भाग मिळत नाहीत. त्या दिवशी मला त्यात काही वाटलं नाही. काल डायरीत ते वाक्य पुन्हा वाचलं. भाऊ, तुझ्या वहीत फक्त दोन आले. मग बाकीचे बिघडले की कुठे जातात?

लगेच कळव. जीव टांगणीला लागला आहे.

कुंदन

धुळे, ६ एप्रिल

चि. कुंदनला आशीर्वाद.

प्लग काढ म्हणून फोनवर सांगितलं आणि तू काढलास, ते बरं झालं. पाठीला हात लावता येत नव्हता म्हणालीस, ते मी वहीत लिहून ठेवलं. तरी हे लिहितो आहे. चुकीचा सल्ला लिहून दिला, तर कबुलीही लिहूनच द्यायला हवी.

तुझं पत्र मिळताच भंगारवाल्या प्रेमराजकडे गेलो. तेजोवर आहेत का विचारलं. हाऊ बठ्ठा मरेल माल शे, सगळा मेलेला माल, म्हणत त्याने ताडपत्री ओढली. तेवीसपर्यंत मोजले आणि पुढे मोजवेना. सात टीव्हींची पाठ एकाच जागी जळलेली. दुरुस्त होत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून माझ्याकडे कोणी आणलेच नाहीत. जे आले नाहीत ते मी चांगले धरले. बावीस वर्षांचा कारागीर, आणि तो टीव्ही मी नानांच्या समोर ठेवायला लावला.

तुझ्याशिवाय आणखी पंधरा जणांना मी हेच सांगितलं होतं. अकरा फोनवर सापडले. चौघे उचलत नाहीत. त्यातल्या एकाची आई अंथरुणाला खिळलेली आहे.

तासाबद्दल: दोन वर्षं नानांचं सगळं तू करतेस, तास मागितलास तर गुन्हा नाही. तडतड ऐकून उठायला हवं होतंस. ती काहीच नव्हती असं मी म्हटलं, तर तू माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीस.

रविवारी मनोरम घेऊन येतो. एकसष्ट वेळा माझ्याकडे आला, म्हणजे एकसष्ट वेळा दुरुस्त होऊन घरी गेला. नानांच्या उजव्या हाताशी टीव्हीचं वेगळं बटणही बसवतो. दाबलं की वीज बंद.

तुझा चुकलेला भाऊ,
समाधान

सावदा, १९ एप्रिल

ती. समाधानभाऊस,
सा. न. वि. वि.

चौघांच्या घरी तू स्वतः जाऊन आलास हे वाचून बरं वाटलं. त्या आईच्या खोलीतला टीव्ही तू अंगणात आणून ठेवलास, ते तीनदा वाचलं.

इथे मनोरम नीट चालू आहे. बटण दाबायची तू नानांकडून दहा वेळा सवय करून घेतलीस, तेव्हा ते दोन वर्षांत पहिल्यांदा हसले. भीती मात्र माझ्यातून जात नाही. आठवडाभर मी नाना आणि टीव्ही यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसले. त्यांना अर्धाच पडदा दिसत होता, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

काल नाना माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग फार कष्टाने एक शब्द काढला, जाय. मला वाटलं टीव्ही नको आहे. बंद करायला उठले तर त्यांनी मान हलवली, उजवा हात उचलून मागच्या दाराकडे केला आणि पुन्हा म्हणाले, जाय. नंतर तो हात बटणावर ठेवला आणि पडद्याकडे बघू लागले.

मी गेले. शंभरपर्यंत मोजलं आणि परत आले. हात तिथेच होता. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

हे पत्र पेरूखाली बसून लिहिलं. मधे तीनदा उठून आत डोकावून आले. चौथ्यांदा उठत होते, पण पुन्हा बसले.

लोभ आहेच, त्याला जप.

तुझी,
कुंदन