हालिनाकाकूंचा पडदा

रविवार, १५ फेब्रुवारी. नेपरव्हिल, अमेरिका.

माझा प्रबंध आईला आज अखेर समजला. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट जाऊन लोकशाही कशी आली, हे दोन वर्षं सांगतेय. ती "बरं" म्हणते आणि जेवलीस का विचारते. घरातली पहिली पदवीधर मी, आणि घरालाच सांगता येत नाही, हे टोचायचं.

आज फोनवर फक्त हालिनाकाकूंच्या पडद्याची गोष्ट सांगितली. काकू माझ्या घरमालकीण, पोलंडच्या. पूर्वी तिथे छापील नावांची मतपत्रिका सगळ्यांसमोर तशीच, काही न खोडता पेटीत टाकायची. खोडायला पडद्यामागे गेलं की संशय. राजवट डळमळली तेव्हा काकू पहिल्यांदा आत गेल्या, नको ती नावं खोडली आणि नंतरही उगाच उभ्या राहिल्या. का, तर कोणी बघत नव्हतं म्हणून.

आई हळूच म्हणाली, "मीपण गेल्या वेळी मत देताना जरा थांबले होते. तुझे बाबा सांगतात ते बटण नाही दाबलं."

"मग कुठलं?"

"ते सांगायचं नसतं. एवढी शिकलीस ना?"

प्रबंध या पडद्यापासूनच सुरू करावा का? सर काय म्हणतील... म्हणू देत. आईचं मात्र त्यात येणार नाही. बाबांनी विचारलं, एवढं काय बोलत होतात, तर इथल्या बर्फाबद्दल म्हणायचं.